खड्ड्यातला कंदील

आमच्या गॅरेजात रोज सकाळी खड्ड्यात आधी कंदील उतरायचा, मग माणूस. धुळ्याच्या आग्रा रोडवर गॅरेजं पुष्कळ, पण ही रीत फक्त आमच्याकडे. ट्रकवाले हसायचे. म्हणायचे, लोक देवापुढे दिवा लावतात, ही बाई गाड्यांखाली लावते. मी म्हणायची, देव गुदमरून मरत नाही, मिस्तरी मरतो.

रीत माझ्या बापाची. आधार विहीरवाला म्हणून यावलपासून सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत त्याला ओळखत. नवी विहीर खोदायची, जुनीचा गाळ काढायचा, हा धंदा. बंद पडलेल्या विहिरीच्या तळाशी हवा मरून पडलेली असते. ती दिसत नाही, तिला वास नसतो. म्हणून दोराला कंदील बांधून आधी तो खाली सोडायचा. विझला तर कोणी उतरायचं नाही. जळत राहिला तर कमरेला दोर बांधून उतरायचं. एकदा कंदिलाची काच फुटलेली होती आणि माझा थोरला भाऊ कौतिक तसाच उतरला. एकोणीस वर्षांचा. वरून हाका मारल्या, उत्तर नाही. त्याला काढायला काका उतरला, तोही वर आला नाही. मी दहा वर्षांची, भाकरी घेऊन काठावर आलेली. त्या दिवशी बापानं तिसरा नियम केला. खाली पडलेल्याच्या मागे कोणी उतरायचं नाही, सख्खा असला तरी.

शाळेत मी तिसरीपर्यंत गेले, त्यातलंही अर्धं विसरले. हे तीन नियम मात्र विसरले नाही. माझ्या मालकांनी, लोटन मिस्तरींनी, गॅरेज काढलं आणि गाड्यांखाली काम करायला पुरुषभर खोल खड्डा खणला, तेव्हा पहिल्याच दिवशी मी कंदील घेऊन उभी राहिले. त्यांनी कंदिलासाठी भिंतीत खिळा ठोकून दिला. शहाणे होते. ते गेल्यावर गॅरेज आमच्या मुलानं, भिकननं चालवलं, आणि भिकनला मी. मला सगळे अक्का म्हणत, भिकनसुद्धा.

एक्याण्णव सालच्या एप्रिलात जळगावच्या पुखराजशेठची लाल गाडी आमच्याकडे आली. विलायती, दोनच दारं, नाक लांब, आणि इतकी बुटकी की मी उभी राहिले तर तिचं छप्पर माझ्या छातीला लागेल. भिकनपेक्षा वयानं मोठी. शर्यतीची गाडी म्हणे. इंदूरकडच्या कुणा संस्थानिकाच्या घरातून शेठनं ती उचलली होती. मधल्या कुणा मालकानं मुंबईत तिच्यात एसी बसवून घेतला होता, आणि तोच नडत होता. थंड मुलखातलं इंजिन, त्याच्या गळ्यात एसीचं लोढणं, वरून आपला खानदेशातला उन्हाळा. जळगावहून निघाली की पारोळ्याला गाडी हमखास उकळायची. त्यात इंदूरला जुन्या गाड्यांचा मेळा भरणार होता आणि तिथल्या जाणकारानं शेठला सांगितलं होतं, कारखान्यातून निघाली तशी असेल तरच मान, नाहीतर लग्नात दागिने मागून आणलेल्या नवरीसारखी एका बाजूला उभी राहील.

शेठ म्हणाले, "अक्का, लोटनभाऊंनी माझ्या वडिलांची गाडी राखली. ही भिकननं राखायची. एसी बठ्ठा काढा, एक नळीसुद्धा ठेवू नका. पण ओरखडा नको."

"ओरखडा आमच्या जिभेनं पडतो शेठ, पान्यानं नाही," मी म्हणाले. ते हसले आणि ड्रायव्हर झुलालला गाडीजवळ ठेवून एस.टी.नं परत गेले.

भिकननं आजवर गाडीचा एसी उघडला नव्हता. उघडणार कुठून? धुळ्यात एसीची गाडी होती किती! तो फ्रीज दुरुस्त करणाऱ्या एकाला विचारून आला. त्यानं सांगितलं, आत गॅस भरलेला असतो, नळीचा नट सैल करायचा, गॅस जाऊ द्यायचा, हात आणि तोंड बाजूला ठेवायचं, कारण थंडीनं कातडी भाजल्यासारखी होते. वास नाही, विष नाही, पेटत नाही. मग कॉम्प्रेसर, बेल्ट, पुढची जाळी, डॅशबोर्डाखालची पेटी, नळ्या, एकेक काढत जायचं.

"पेटत नाही" हे ऐकून मी निश्चिंत झाले. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढं सुनेनं अडवलं तेव्हा मी याच भरवशावर तिला गप्प केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला काम धरलं. लाइट गेलेली. झुलालनं शटर खाली ओढून घेतलं. म्हणाला, "रस्त्यावरले लोके हात लावतस अक्का, शेठ मना जीव लेतीन." दाराच्या फटीतून येईल तेवढाच उजेड. गाडी खड्ड्यावर घेतली, आणि तिथंच मला ते बरं दिसलं नाही. ट्रक असो, जीप असो, खालून वारा खेळतो. ही गाडी खड्ड्यावर अशी बसली, जशी पातेल्यावर झाकणी. मागच्या बाजूला, पायऱ्यांच्या तोंडाशी, माणूस वाकून जाईल एवढी जागा उघडी. बाकी बंद.

माझी सून सुनंदा बोनटमध्ये डोकं घालून उभी होती. ती जळगावची, मॅट्रिक पास. गाडीत एसीच्या नळीजवळ एक पिवळी पत्र्याची पट्टी होती, इंग्रजी अक्षरांची. बोट ठेवून ठेवून ती वाचत होती.

"आत्याबाई, इथं लिहिलंय की हा गॅस उघड्या आगीजवळ सोडू नका. विषारी होतो."

भिकन म्हणाला, "तो पेटत नही, मी इचारी वनू."

"पेटतो असं नाही लिहिलं. विषारी होतो म्हणून लिहिलंय. मग तो कंदील..."

मला आजही माझा आवाज ऐकू येतो. "तुझ्या मॅट्रिकपेक्षा माझ्या कंदिलाचं वय जास्त आहे सुनंदा. पट्ट्या वाचून माणसं वाचली असती तर माझ्या बापानं पाटी घेऊन विहिरी खोदल्या असत्या. जा, चहा ठेव."

ती गेली नाही, पट्टीवरचं बोट मात्र काढलं. झुलाल हसला. तो हसला म्हणून मला बरं वाटलं. हेही सांगते.

भिकननं वरून नट सैल केला. फुस्स करून पांढरं धुकं सुटलं आणि बघता बघता नटावर बर्फ धरला. एप्रिलात, धुळ्यात, बर्फ! झुलालनं बोट लावून पाहिलं आणि ओरडला. धुकं वर गेलं नाही. इंजिनाच्या कडांवरून घरंगळत, चाकांच्या मधून खाली खड्ड्यात उतरलं. बराच वेळ फुसफुसत राहिलं. मग थांबलं.

"व्हई गयं," भिकन म्हणाला. "बठ्ठा निंघी गया. आते कॉम्प्रेसर खालतून सोडस."

"थांब. पाह्यलं नाही का, सगळं खड्ड्यात गेलंय? आधी कंदील."

"अक्का, आज तरी..."

"आज तर पहिला."

तो हसला आणि कमरेला दोर बांधून घ्यायला हात वर करून उभा राहिला, लहानपणी चड्डी घालून घ्यायला राहायचा तसा. सत्तावीस वर्षांचा बाप्या. मी गाठ मारली. मग कंदील पेटवून दोरीनं पायऱ्यांच्या तोंडातून आत सोडला.

आता नीट सांगते. कंदील विझला नाही. ज्योत थोडी आखडली, बारीक झाली, आणि कडेनं हिरवी दिसू लागली. हिरवी, मोरपिसासारखी. मी पन्नास वर्षं कंदील सोडत आले, हिरवी ज्योत कधी पाहिली नव्हती. सुनंदा माझ्या मागेच होती. ती म्हणाली, "हिरवा जळतोय."

आदल्या दिवशी मी कंदिलाचं पितळ चिंचेनं घासलं होतं. मी म्हणाले, "चिंच राहिली असेल पितळाला. जळतोय ना? जळतोय म्हणजे हवा आहे." आणि मुलाला म्हणाले, "उतर."

बापानं मला विझलेल्या दिव्याला भ्यायला शिकवलं होतं. जळणाऱ्या दिव्याला भ्यायला कोणी शिकवलं नव्हतं.

भिकन उतरला. लाइट नव्हती, म्हणून कंदील उजेडाला खालीच राहिला, खड्ड्याच्या भिंतीतल्या खिळ्याला, त्याच्या तोंडाच्या उंचीवर. मी वर दोर धरून बसले. खालून पान्याचा आवाज येत होता. कट, कट. एक बोल्ट सुटला. मग तो खोकला.

"तंबाखू सोड म्हणते तर ऐकत नाही," मी म्हणाले.

"तंबाखू नही शे," खालून आवाज आला. "आठे काहीतरी जळी राहयनं. डोळा चुरचुर करतस."

त्याच वेळी मलाही वास आला. आंबट, बोचरा, संडासात टाकायच्या ॲसिडसारखा. नाकातून घशात उतरला आणि तिथं बसला. सुनंदा म्हणाली, "त्यांना वर बोलवा." मी म्हणाले, "बोलावते." आणि हाक मारली, "भिकन, वर ये रे."

"एकच बोल्ट राहयना अक्का. कंदील खाले ठेवस, नीट दिसत नही."

त्यानं कंदील खिळ्यावरून काढून तळाला ठेवला असावा, कारण गाडीखालून दिसणारा तो हिरवट उजेड खाली गेला आणि विझला. एकदम काळोख. पाना पडल्याचा आवाज आला. मग "अ" एवढंच. अक्का म्हणायचं असेल. मग काही नाही.

माझ्या हातातला दोर सैल पडला.

सैल दोर कसा असतो ते मला ठाऊक होतं. दहा वर्षांची असताना पाहिला होता. तो सापासारखा नसतो, कशासारखाच नसतो, त्यात वजन नसतं एवढंच. जिच्या तोंडाला ट्रकवाले भ्यायचे, ती मी, मला हाक मारता येईना.

झुलाल पायऱ्यांकडे धावला. त्याची दोन पावलं आत गेलीसुद्धा. मी एका हातानं त्याचा सदरा मागून धरला आणि ओढला, टरकन फाटला.

"उतरायचं नाही!"

"अक्का, भाऊ मरी जाई!"

"तू गेलास तर दोन मरतील. दोर धर! सुनंदा, शटर!"

सुनंदानं शटर असं वर फेकलं की त्याची कडी निघाली. ऊन आत आलं. ती धावत येऊन दोराला लागली. तिघांनी ओढलं. तो पहिल्या पायरीवर आला असेल, आणि अडकला. कशात अडकला दिसेना. ओढलं की दोर ताणायचा, तो हलायचा नाही. मी मनात मेलेल्या कौतिकला म्हणाले, सोड त्याला. खरंच म्हणाले. सुनंदा पोटावर पडली, तोंडाला पदर दाबून हात आत घातला, चाचपला आणि किंचाळली, "पाय! पाय पायरीखाली गेलाय! सोडा दोर, सैल सोडा!"

वर ओढायच्या वेळी सैल सोडायचं! माझे हात ऐकेनात. तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं, लाल डोळ्यांनी, आणि म्हणाली, "आत्याबाई, या वेळी तरी ऐका."

मी दोर सोडला. तिनं पाय फिरवला. पुन्हा ओढलं आणि भिकन वर आला, आधी डोकं, मग हात, ओल्या पोत्यासारखा. ओठ निळे. आम्ही त्याला फरफटत बाहेर निंबाखाली नेलं. झुलालनं छाती चोळली, मी गालावर मारलं, जोरात मारलं. तो ओकला. मग श्वास घेतला, करवतीसारखा आवाज करत. मग डोळे उघडले, आणि पाहते तर हसतोय.

"कंदील विझी गया अक्का," म्हणाला. "तुना नियम बरोबर शे."

तासाभरात तो उठून बसला. पाणी प्याला. डोळे लालभडक, आवाज बसलेला, पण बोलत होता, चेष्टा करत होता. झुलालला म्हणाला, "तुना सदरा कोन्ही फाडा, बायकोनी का?" मला वाटलं, टळलं. सुनंदा ऐकेना. तिनं त्याला रिक्षात घातला आणि मीही बसले. चार गल्ल्या पलीकडे वाल्मीक डॉक्टरांचा दवाखाना होता. तरुण माणूस, नुकताच शिकून आलेला, शांत.

डॉक्टरांनी विचारलं, "काय झालं?"

सुनंदा बोलायला गेली, तेवढ्यात भिकन म्हणाला, "काही नाही डॉक्टरसाहेब. शटर बंद होतं, खड्ड्यात गरम होतं. ऊन लागलं, चक्कर आली."

गावातल्या डॉक्टरपुढे तो असं नीट बोलायचा. आणि बोलताना त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. मला कळलं. त्याला सगळं समजलं होतं, वास, हिरवी ज्योत, पट्टी, सगळं. तो मला झाकत होता. आपल्या आईनं स्वतःच्या हातानं आपल्याजवळ विष पेटवलं, हे परक्या माणसापुढे नको, बायकोपुढे तर नकोच.

डॉक्टरांनी छातीला नळी लावली, डोळे पाहिले. "छाती तशी साफ वाटते. डोळ्यांत धूळ गेली असेल. ताक प्या, झोपा, उन्हात काम करू नका. संध्याकाळी त्रास वाटला तर चालत या." आणि कागदावर लिहायला लागले.

सुनंदा माझ्याकडे पाहत होती. ती बोलली असती. बोलायला तोंड उघडलंही होतं. पण नवऱ्यानं नाही म्हटलेलं, सासू समोर, तिचा शब्द तिथं कोणी धरला असता? मीच तिला वर्षभरात शिकवलं होतं की तिचा शब्द धरायचा नसतो.

सकाळी गाडी झाकणीसारखी खड्ड्यावर बसली तेव्हाही मला दिसलं होतं, हे बरं नाही. त्या वेळी मी काम थांबवलं नव्हतं. कागद फाडायचा आवाज आला आणि मी म्हणाले, "डॉक्टर, तो खोटं बोलतोय."

"अक्का," भिकन म्हणाला.

"गप रे. ऊन नाही लागलं. गाडीच्या एसीतला गॅस खड्ड्यात साचला होता. त्यात मी जळता कंदील सोडला. मी. सुनेनं पट्टी वाचून सांगितलं होतं, आगीजवळ नको, विष होतं. मी तिला चहा ठेवायला सांगितलं."

डॉक्टरांनी पेन ठेवलं. "कंदील विझला का?"

"शेवटी विझला. आधी जळत होता."

"किती वेळ? हा खाली असताना?"

मी सुनंदाकडे पाहिलं. ती म्हणाली, "सात-आठ मिनिटं."

"ज्योतीचा रंग?"

"हिरवा," मी म्हणाले.

डॉक्टर उभेच राहिले. भिकन उठायला गेला तर त्यांनी त्याला खांद्याला दाबून टेबलावर निजवलं. "आता एक पाऊलही चालायचं नाही. लघवीलासुद्धा नाही." मग मला बाजूला घेतलं. म्हणाले, "मावशी, हा गॅस ज्योतीतून गेला की त्याचं दुसरंच विष होतं. भोपाळनंतर आम्हाला असल्या वायूंचं बरंच शिकवलंय. माणूस आधी बरा दिसतो, हसतो, बोलतो. मग फुप्फुसात हळूहळू पाणी धरतं. काही तासांनी. चालला, दमला तर लवकर. घरी पाठवला असता तर..." ते थांबले. "उद्या सकाळपर्यंत कळेल."

भोपाळ! ते नाव कोणाला ठाऊक नव्हतं!

मोठ्या दवाखान्यात त्याला उचलून नेलं. पलंगावर निजवला. तिथल्या नर्सबाईंनी सांगितलं, एका मिनिटात श्वास किती होतात ते मोजत राहा, तिसाच्या वर गेले की मला हाक मारा. सुनंदाच्या मनगटावर लग्नातलं घड्याळ होतं. ती काटा बघायची आणि मी भिकनच्या छातीवर डोळे ठेवून मोजायची. शंभरापर्यंत मला येतं. तेवढं पुरे होतं.

बारा वाजता बावीस.

एक वाजता बावीस. तो म्हणाला, "माले भूक लागनी. तुम्ही दोन्ही अश्या काय पाही राहयन्यात? मी काय सिनेमा शे का?"

मी म्हणाले, "बोलू नको, आकडा चुकतो."

दोन वाजता पंचवीस. बाहेर उन्हानं रस्ता ओस पडला होता. झुलाल वऱ्हांड्यात फाटक्या सदऱ्यानं बसून होता, मधूनच दारातून डोकावायचा आणि माझं तोंड पाहून मागं जायचा. अडीचला अठ्ठावीस. भिकन आता चेष्टा करत नव्हता. तो छताकडे पाहत होता, जसं काही छतावर कोणी उभं राहून त्याला ओझं देतंय.

तीन वाजता मी मोजायला लागले आणि चौतीसवर सुनंदा "मिनिट" म्हणाली. आम्ही एकमेकींकडे पाहिलं. मी म्हणाले, "माझं चुकलं असेल, पुन्हा लाव." ती उठलीसुद्धा होती. "नाही आत्याबाई, चुकलं नाही," म्हणाली आणि बाईंना बोलवायला पळाली. तेवढ्यात तो खोकला आणि त्याच्या ओठांवर फेस आला, गुलाबी, भिजवलेल्या साबणासारखा.

नाकातोंडावर ऑक्सिजन आला, सुया आल्या, आम्हाला बाहेर काढलं. दाराच्या काचेतून त्याची छाती दिसत होती. मी मोजत राहिले. काचेला श्वास लागून धुकं धरायचं, ते पुसून मोजत राहिले. छत्तीस. अडतीस. सुनंदाचं घड्याळ माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि तिचा हात माझ्या हातात. तो मी घेतला की तिनं दिला, मला सांगता येणार नाही. तिला एकदाही म्हणावंसं वाटलं नसेल का, की म्हातारे, तू मारलंस? ती म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं, मला काहीतरी उत्तर देता आलं असतं.

रात्र कशी गेली ते सांगत नाही. सकाळी सहाला तीस. आठला सव्वीस. वाल्मीक डॉक्टर आले, छातीला नळी लावून बराच वेळ ऐकत राहिले. म्हणाले, "पाणी उतरतंय." मग माझ्याकडे वळून, "काल तुम्ही बोलला नसता तर दुपारी तीनला तो घरी जिना चढत असता."

मी काचेकडे वळले आणि पुन्हा मोजायला लागले.

दहा दिवसांनी भिकन घरी आला. गाडी खड्ड्यावर तशीच, कॉम्प्रेसर एका बोल्टावर लोंबकळत. मी ती ढकलून बाहेर निंबाखाली घेतली, दोन्ही दारं उघडली, बोनट उघडं, चारी बाजूंनी वारा. गल्लीनं पाहायचं तितकं पाहू दे. झुलाल म्हणाला, "शेठ काय म्हणतीन?" मी म्हणाले, "शेठला सांग, अक्कानं हात लावायची परवानगी दिली."

भिकन खुर्चीत बसून सांगत होता, झुलाल आणि शेजारच्या गॅरेजचा मिस्तरी काढत होते. कॉम्प्रेसर निघाला, बेल्ट निघाला, रेडिएटरपुढची जाळी निघाली, डॅशबोर्डाखालची पेटी निघाली. पोत्यावर मांडून ठेवलं तर एवढंसं दिसत होतं. प्रत्येक भाग सुटण्याआधी मी सुनंदाला म्हणायची, "वाच." काही लिहिलेलं असो वा नसो. ती म्हणायची, "काही नाही आत्याबाई." मी म्हणायची, "मागून बघ." ओरखडा पडला नाही. पारोळ्याला गाडी उकळली नाही, असा शेठचा निरोप आला.

त्यानंतरच्या सोमवारी एक जीप आली, खड्ड्यावर घेतली. भिकनला अजून उतरायची परवानगी नव्हती. जिना चढला तरी त्याची छाती वाजायची. शेजारचा मिस्तरी उतरणार होता. कंदील खुंटीवर, काच पुसलेली. मी तिथं उभी. हात खुंटीकडे गेला आणि मध्येच राहिला. विहिरीत तो खरा होता. गाडीखाली तो खोटा ठरला. आता पुढच्या गाडीखाली कसा निघेल, हे मला कोण सांगणार?

भिकन खुर्चीतून म्हणाला, "काय अक्का, सोडस का दिवा आज?"

"सुनंदाला विचार," मी म्हणाले. "आधी तिला गाडी वाचू दे."

त्याला हसू आलं. आई अशी बोलताना त्यानं जन्मात ऐकली नव्हती. हसता हसता त्याला खोकला लागला. सुनंदा बोनटपाशी वाकली होती, ती तशीच थांबली आणि मनगट डोळ्यांसमोर धरलं. मी त्याच्या छातीवर डोळे लावले. खोकला थांबेपर्यंत कोणी हललं नाही. मग ती काटा बघत होती, आणि मी मोजत होते.